तुमचं मॉडेल चढता क्रम शिकलंय, लॉटरी नाही

तुम्ही लिहिलंय की ४९ पैकी ६ आकड्यांच्या लॉटरीचे अकराशे निकाल एक्सेलमध्ये भरले, त्यावर न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकून भाकीत करणारं संगणकी मॉडेल) शिकवलं, भाकितातली चूक भराभर खाली आली, पण हल्ली ते दर वेळी जवळपास तेच आकडे देतं: ७, १४, २२, २८, ३६, ४३. आणि प्रश्न असा की आणखी जुना डेटा घातला तर फरक पडेल का. हे आकडे वाचून आधी हसू आलं, मग पोटात गोळा आला. माझ्या जुन्या वहीत हेच सहा आहेत, एखादा इकडेतिकडे.

मी सांख्यिकीचा तज्ज्ञ नाही, हिशेबाच्या कामातला माणूस आहे, तेव्हा चुकलो तर जाणकारांनी कान धरावा. १,३९,८३,८१६ पैकी एक शक्यता वगैरे तुम्हाला ठाऊक असणारच, ते सोडून देतो.

घोडं पेंड खातंय ते निकालाच्या फाइलमध्ये. चेंडू यंत्रातून ज्या क्रमाने पडतात त्या क्रमाने आकडे छापलेले नसतात. जाहीर करताना ते लहानापासून मोठ्यापर्यंत लावून देतात. तुम्ही (आणि मीही) सहा कॉलम केले आणि मॉडेलला प्रत्येक कॉलमचा पुढचा आकडा विचारला. आता पहिल्या कॉलममध्ये कायम सहांतला सर्वांत लहान आकडा येणार आणि सहाव्यात सर्वांत मोठा. ४९ मधून कसेही सहा उचला, चढत्या क्रमाने लावा, तर प्रत्येक जागेची सरासरी निघते ७.१, १४.३, २१.४, २८.६, ३५.७, ४२.९. तुमच्या मॉडेलचं भाकीत शेजारी ठेवून बघा. त्याने सोडतीतलं काही हेरलेलं नाही. काहीच हाती न लागल्यावर शहाणं मॉडेल सरासरी सांगून मोकळं होतं, तेवढंच त्याने केलंय.

मला हे कळायला आठ महिने लागले. भाकीत आणि खरा आकडा यांतली सरासरी तफावत पाच-सहावर आली तेव्हा मी हुरळून गेलो होतो. वाटलं, इतक्या जवळ आलोय तर अजून थोडा रेटा दिला की झालं. तिकिटं वाढवली, घरात सांगितलं नाही. मग एका रात्री चिडून मी संगणकाकडून अकराशे खोट्या सोडती काढून घेतल्या, निव्वळ यादृच्छिक (रँडम), फक्त चढत्या क्रमाने लावलेल्या. तेच मॉडेल त्यावर चालवलं. चूक तितकीच आली, आकडेही तेच आले. ज्या सोडती कधी झाल्याच नव्हत्या त्यांचंही ‘भाकीत’ माझं मॉडेल तितक्याच अचूकपणे करत होतं! ही चाचणी पहिल्याच दिवशी केली असती तर दहा मिनिटांत सुटलो असतो. तुम्ही आजच करा.

आणखी एक दुखणं: ते सहा आकडे सातच्या पाढ्याला चिकटून आहेत, आणि ७, १४, २१, २८, ३५, ४२ ही लोकांच्या खास आवडीची ओळ आहे. म्हणजे चुकून लागलीच तरी वाटेकऱ्यांची रांग. ब्रिटनच्या राष्ट्रीय लॉटरीत १४ जानेवारी १९९५ च्या सोडतीत जॅकपॉटचे १३३ वाटेकरी निघाले होते. दक्षिण आफ्रिकेत डिसेंबर २०२० मध्ये ५, ६, ७, ८, ९ आणि वर पॉवरबॉल (वेगळा काढलेला जादा चेंडू) १० आला तेव्हा २० जणांत बक्षीस वाटलं गेलं. म्हणून माझं ठाम मत (मत आहे, सल्ला नाही): आकडे निवडण्यात काही अर्थ असलाच तर तो गर्दी टाळण्यात. वाढदिवसांमुळे ३१ पर्यंतच्या आकड्यांवर उड्या पडतात. वेगळे आकडे घेतल्याने लागण्याची शक्यता एका दाण्यानेही वाढत नाही, लागलं तर वाटणी कमी होते इतकंच. चॅटबॉटला ‘कुठलेही सहा सांग’ म्हणू नका, तोही माणसांच्या लाडक्या ७, १७, ३७ कडेच झुकतो. साधं यादृच्छिक फंक्शन बरं.

‘तीन आकडे जुळले’ याचा आनंदही जरा आवरा. एका ओळीत (तिकिटावरच्या सहा आकड्यांच्या एका निवडीत) तीन किंवा जास्त जुळण्याची शक्यता साधारण ५४ त एक. दर सोडतीला २० ओळी घेत असाल तर दहा सोडतींत एकदा तरी तीन जुळणं जवळजवळ ठरलेलंच. याला आपल्याकडे काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. ओळीमागे सरासरी किती आकडे जुळतात ते मोजा. डोळे मिटून निवडलं तरी ०.७३ येते. तुमची शे-पाचशे ओळींवर याहून ठळकपणे वर जात नसेल तर बाकी सगळं सजावट.

‘गरम-थंड’, म्हणजे वारंवार आलेल्या आणि क्वचित आलेल्या, आकड्यांचंही तेच. हजार सोडतींत प्रत्येक आकडा सरासरी १२२ वेळा यायला हवा, पण एखादा १०० वेळा आणि दुसरा १४५ वेळा आला तर त्यात नवल काही नाही. इटलीत वेनिसच्या सोडतीत ५३ हा आकडा जवळजवळ दोन वर्षं आला नाही. ‘आता येणारच’ म्हणत लोकांनी साठवलेली पुंजी लावली. आला तो फेब्रुवारी २००५ मध्ये, तोवर कित्येक जण बुडाले होते.

मधल्या काळात मी एका भाकीत-सेवेची वर्षाची वर्गणीही भरली होती. नाव घेत नाही. त्यांचं ॲप लागोपाठचे आकडे असलेल्या ओळी ‘अशक्यप्राय’ म्हणून गाळायचं. प्रत्यक्षात ४९ पैकी ६ मध्ये जवळपास निम्म्या निकालांत निदान एक लागोपाठची जोडी असते! मी त्यांना एवढंच मागितलं की सोडतीआधीची, तारीखवार भाकितं दाखवा. सात मेल केले. सातही वेळा तोच छापील मजकूर आला: ‘आपली सेटिंग तपासा.’ पैसे परत मागितले तर ‘डिजिटल सेवा परत घेतली जात नाही’. बरोबर आलेली भाकितं मात्र निकालानंतर तासाभरात त्यांच्या पानावर झळकायची, चुकलेली कुठे जायची देव जाणे. असो, रक्तदाब वाढतो.

जुन्या डेटाबद्दल: वाढवण्याआधी नियम कधी बदलले ते बघा. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१५ पासून ४९ ऐवजी ५९ चेंडू आले. तिथली आधीची-नंतरची फाइल एकत्र केलीत तर ५० ते ५९ उगाच ‘थंड’ दिसतील आणि मॉडेलला खरोखरच एक पॅटर्न सापडेल, तुमचाच घातलेला.

खोट्या सोडतींची चाचणी झाली की दोन्ही चुकांचे आकडे इथे टाका. वेगळे आले तर मी माझे शब्द मागे घेईन आणि तुमची फाइल स्वतः तपासेन. तोवर या महिन्याची तिकिटं मॉडेलच्या भरवशावर काढू नका, आणि आत्तापर्यंतचा खर्च एका कागदावर मांडा. मी मांडला तेव्हा बेरीज दोनदा केली होती.