तांबी काढायची, की पिशवीच?

प्रश्न : वय ३४, दोन मुलं. धाकट्याच्या बाळंतपणातच तांबी बसवली, त्याला तीन वर्षं झाली. पाळी आठ-नऊ दिवस चालते, गाठी पडतात, पहिले दोन दिवस कापूस वेचायला जाणं होत नाही. सोनोग्राफीत ॲडेनोमायोसिस आणि डाव्या अंडाशयात चॉकलेट सिस्ट (जुनं रक्त साठलेली गाठ) निघाली, म्हणजे एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढणं). हिमोग्लोबिन ८.६. डॉक्टरांनी डायनोजेस्टची रोज एक गोळी दिली आहे. सासूबाई म्हणतात, पिशवीच काढून टाक. तांबी काढू का? मग दिवस राहू नयेत म्हणून काय करू?
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ताई, तांबी काढा, पण पुढचं साधन ठरल्यावरच. तांबी हे चांगलं साधन आहे, फक्त तुमच्या आजाराला ती मानवत नाही. तांब्यामुळे पाळीचा रक्तस्राव आणि कळा वाढतात. ॲडेनोमायोसिस म्हणजे तुमच्या गर्भाशयाच्या स्नायूत आधीच अस्तर घुसलेलं आहे, त्यात ही भर. ८.६ हिमोग्लोबिनवर तो भार झेपणार नाही.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण यात फार बायका फसतात. २ मिलिग्रॅमची डायनोजेस्ट हे एंडोमेट्रिओसिसचं औषध आहे, गर्भनिरोधक म्हणून तिला मान्यता नाही. तांबी काढली आणि फक्त हीच गोळी चालू राहिली, तर निरोध लागेलच. तांबी काढण्याआधीचे सात दिवसही संबंध टाळा किंवा निरोध वापरा. आधीचे शुक्राणू आत टिकून असतात, तांबी निघाली की त्यांना अडवणारं काही राहत नाही.

आमची पहिली पसंती हार्मोनच्या तांबीला. दिसायला तशीच, पण त्यात तांबं नसून ५२ मिलिग्रॅम लेवोनॉरजेस्ट्रेल असतं आणि ते रोज अगदी थोडं गर्भाशयातच सुटतं. अस्तर पातळ होतं, रक्तस्राव घटतो. जुनी काढून त्याच बैठकीत ही बसवता येते. पहिले तीन ते सहा महिने मधूनमधून डाग लागतात. तेवढ्यात घाबरून काढायला जाऊ नका. ॲडेनोमायोसिसमध्ये गर्भाशय मोठं असेल तर ती निसटून पडण्याची शक्यता जास्त, म्हणून चार-सहा आठवड्यांनी दोरा तपासून घ्या. हिच्यामुळे चॉकलेट सिस्ट विरघळेलच असं नाही, कारण अंडाशयाचं काम बहुतेक चालूच राहतं. सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करा. अडचण पैशाची आहे. सरकारी केंद्रात कॉपर-टी फुकट मिळते, ही सहसा विकत घ्यावी लागते.

ते जमत नसेल तर अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन. प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत, दर तीन महिन्यांनी एकदा, आणि दुखणंही कमी होतं. टोचलेली जागा चोळू नका, औषध लवकर पसरून असर घटतो. पाळी सुरू झाल्यापासून सात दिवसांत घेतलं तर लगेच संरक्षण, नंतर घेतलं तर सात दिवस निरोध. कार्डावरची तारीख चुकली तरी चार आठवड्यांपर्यंत डोस घेता येतो. यानेही आधी डाग लागतात, पुढे बऱ्याच जणींची पाळी थांबते. ‘घाण आत साचते’ हे खरं नाही. अस्तरच तयार होत नाही, मग बाहेर काय येणार? तिसरं मूल हवं असेल तर मात्र विचार करा, इंजेक्शन बंद केल्यावर दिवस राहायला बरेच महिने लागू शकतात. वर्षानुवर्षं घेतल्यास हाडांची घनता थोडी कमी होते, तेही डॉक्टरांशी बोला.

माला-एन ही रोजची गर्भनिरोधक गोळीही चालते, पण आधी बीपी मोजा. १४०/९० च्या वर असेल, अर्धशिशीत डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा येत असतील किंवा पायात रक्ताची गुठळी झाली असेल तर घेऊ नका. खर्रा (तंबाखू-सुपारी) खात असाल तर तेही न लाजता सांगा. पाकिटातल्या शेवटच्या लोहाच्या सात गोळ्या वगळून सलग दुसरं पाकीट सुरू केलं तर पाळी पुढे जाते आणि कळाही टळतात, पण हे डॉक्टरांना विचारूनच, आणि लोह वेगळं घ्यावं लागेल. माला-एन आणि डायनोजेस्ट एकत्र मनाने घेऊ नका.

पिशवीचं म्हणाल तर ३४ व्या वर्षी तो पहिला उपाय नव्हे. ॲडेनोमायोसिस जाईल, पण अंडाशयावर, आतड्यावर चिकटलेलं एंडोमेट्रिओसिस मागे राहू शकतं. सोबत अंडाशयही काढले तर हाडं आणि हृदय लवकर झिजतात. कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनने दिवस राहणार नाहीत, पण दुखणं तसंच राहील.

प्रश्न : मला सिकलसेल आहे आणि पाळीत असह्य दुखतं. माला-एन घेऊ का?
– एक वाचक, गडचिरोली जिल्हा

उत्तर : सिकलसेलच्या कार्डावर एएस आहे की एसएस, ते पाहा. एएस, म्हणजे वाहक असाल तर माला-एनला सहसा आडकाठी नाही. एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार असेल तर त्यातल्या इस्ट्रोजेनने रक्ताच्या गुठळीचा धोका वाढू शकतो, म्हणून ती टाळा. हार्मोनची तांबी किंवा अंतरा यांत इस्ट्रोजेन नसतं. त्यातलं काय योग्य, हे तुमच्या सिकलसेलच्या डॉक्टरांना विचारा. जाताना कार्ड सोबत न्या.