‘घाटी’ म्हणजे नुसतं ‘घाटावरचा’?

प्रश्न थोडक्यात असा. मूळ मालवणकडच्या, पण मुंबईत वाढलेल्या मित्राने फेसबुकवर लिहिलं, ‘एसी लोकल झाली तरी घाट्यांनी डबे उघडलेच. यांना कुठेही बसवा, घाटीपणा जाणार नाही.’ प्रश्न विचारणाऱ्या ताईंचं माहेर कोरेगाव, जिल्हा सातारा. त्यांनी हटकल्यावर तो म्हणाला, ‘अगं, घाटी म्हणजे घाटावरचा, डिक्शनरी बघ. आणि तुला कुठे म्हटलं?’ भाषेच्या दृष्टीने तो बरोबर आहे का, आणि त्याला उत्तर काय द्यावं?

ताई, व्युत्पत्तीपुरता तो बरोबर आहे. लबाडी आहे ती ‘पुरता’ याच शब्दात.

कोकणावरून कोकणी, सोलापूरवरून सोलापुरी, तसं घाटावरून घाटी. (भांड्याचा ‘घाट’ निराळा. ‘घाटदार’ म्हटलं की कौतुकच होतं, पण त्याचा इथे संबंध नाही.) हे विशेषण वस्तूला लागतं तोवर कुणाचं काही बिघडत नाही. घाटी मसाला कुणी नाक मुरडून मागत नाही. छत्रपती संभाजीनगरात तर ‘घाटी’ म्हणजे मोठा सरकारी दवाखाना. ‘आजोबांना घाटीत नेलंय’ या वाक्यात फक्त काळजी असते.

माणसाला लागल्यावर मात्र शब्दाची चाल बदलते, आणि ती मुंबईत बदलली. पहिली कापडगिरणी १८५६ साली चालू झाली, बोरघाटातून रेल्वे १८६३ साली आली. गिरण्यांत रत्नागिरीकडचे लोक मोठ्या संख्येने होतेच. घाट उतरून सातारा, पुणे, कोल्हापूरकडचेही आले. कुणी साच्यावर लागलं, कुणी गोदीत, कुणी बाजारात डोक्यावर पोती वाहू लागलं. पारशी घरांत घरगड्याला ‘घाटी’ आणि मोलकरणीला ‘घाटण’ म्हणत. म्हणजे आधी गाव सांगणारा शब्द पुढे काम सांगू लागला, आणि कामावरून माणसाची पायरी. गोव्यात तर घाटापलीकडून आलेला मजूर कानडी बोलणारा असला तरी ‘घाटी’च. तिथे भूगोल नावालाच उरला.

आता ‘घाटीपणा’ बघा. ‘-पणा’ सहसा गुणाला लागतो, अवगुणाला लागतो: मोठेपणा, वेंधळेपणा. तो प्रदेशाला लावला की प्रदेशच स्वभाव होतो. ‘पुणेरीपणा’ही आहे, हे कुणीतरी लगेच सांगेल. आहेच. पण तो टोमणा शिकल्यासवरलेल्या, स्वतःवर खूश असलेल्या माणसाला मारलेला असतो आणि पुणेकर तो छातीवर बिल्ल्यासारखा मिरवतात. हमालाला ‘घाटी’ म्हणणं त्याच मापाने मोजता येणार नाही. शिवाय तुमच्या मित्राने ‘जाणार नाही’ अशी पुस्ती जोडली आहे. हे तर भविष्यकथन झालं.

त्याला एक साधी परीक्षा घ्यायला सांगा. पोस्टमध्ये ‘घाटी’च्या जागी ‘घाटावरचे’ घालून वाच म्हणावं. ‘घाटावरच्यांनी डबे उघडले, घाटावरचेपणा जाणार नाही.’ वाक्यातली सगळी हवाच जाते. अर्थ नुसता घाटावरचा असता, तर ती गेली नसती.

आणि ‘तुला कुठे म्हटलं?’ हे मला मूळ पोस्टहून जास्त खटकलं. ‘घाट्यांनी’ हे अनेकवचन आहे. त्यातून तुम्हाला एकटीला त्याने मैत्रीखात्यात सूट दिली. ही सूट नाकारायची. मी असतो तर आधी फोन केला असता; चारचौघांत टोकलं की माणूस मुद्दा सोडून अब्रू सांभाळत बसतो. लिहायचंच असेल तर दोन ओळी पुरेत: ‘मी कोरेगावची. लोकलमध्ये डबा मीही उघडते, तूही माझ्या डब्यातलं खाल्लंयस. डब्याच्या वासाचा त्रास होतो, तर वासाबद्दल लिही.’

जाता जाता एक. तुमच्या प्रश्नात कंसात ‘स्वतः कोकण्या असून!’ असं आहे. गणेशचा ‘गण्या’ होतो तेव्हा त्या ‘-या’त घरचा लाड असतो, अख्ख्या मुलखाला लावला की तो लाड राहत नाही. मित्राला उत्तर पाठवण्याआधी तेवढं खोडा.