फ्लोरेन्स ते रोम : थांबायचं कुठे?

प्रश्न : फ्लोरेन्सहून रोमला भाड्याच्या गाडीने एका दिवसात जायचंय. वाटेत निसर्ग पाहायला कुठे थांबावं?

उत्तर : थेट 'ए १' महामार्गाने तीनेक तासांत पोहोचाल, पण खरं टस्कनी बाजूलाच राहील. त्याऐवजी सिएनापर्यंत टोल नसलेला जोडरस्ता घ्या आणि पुढे जुन्या कासिया रस्त्याने सान क्विरिको द'ओर्चाला या. तिथून पिएन्झाकडे जाताना वितालेताचं छोटं चॅपल दिसतं : उघड्या टेकडीवर, दोन्ही बाजूंना सायप्रसची झाडं. इथे पहिला थांबा घ्या, पण फोटोसाठी वळणावर गाडी उभी करू नका, रस्ता अरुंद आहे. मोन्तेपुल्चानोवरून क्युझीला 'ए १' गाठा. दुसरा थांबा ओर्व्हिएतो, हे टेकडीवरचं जुनं गाव. गाडी खाली स्टेशनजवळ लावून फ्युनिक्युलरने (दोराने ओढल्या जाणाऱ्या चढाच्या रेल्वेने) वर जा. दोनच थांबे पुरेत, तिसरा घुसवलात की रोममध्ये अंधारात शिराल.

जुन्या गावांत 'झेड.टी.एल.' (ठरावीक गाड्यांनाच प्रवेश असलेला भाग) अशी पाटी दिसली की आत शिरू नका. कॅमेरा नंबर टिपतो, आणि दंडावर गाडीवाली कंपनी स्वतःचं शुल्कही लावते. पार्किंगच्या निळ्या रेषा पैसे भरून, पांढऱ्या फुकट, पिवळ्या राखीव. टोलनाक्यावर नुसतं 'टेलिपास' लिहिलेली पिवळी रांग टाळा, ती गाडीतल्या यंत्रावरून आपोआप टोल भरणाऱ्यांसाठी असते.