यंत्र सज्ज झाले, पण कोणाच्या हातांसाठी?

प्रश्न : एखादे नवे तंत्रज्ञान ‘नवव्या पातळीला पोहोचले’, म्हणजे वापरासाठी सज्ज झाले, असे वाचनात येते. मग ते हाताळताना प्रशिक्षित माणसेही का चुकतात?

उत्तर : आपण वाचलेली पातळी तंत्रज्ञान-सज्जतेच्या मोजपट्टीवरची आहे. १९७०च्या दशकात नासामध्ये आकाराला आलेली ही मोजपट्टी यंत्र चालते का, हे पाहते. ते चालवणाऱ्याला काय दिसते आणि त्यातून तो काय समजतो, हा प्रश्न तिच्या कक्षेत जवळपास येतच नाही.

अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीजकेंद्रात २८ मार्च १९७९ रोजी दाब कमी करणारी एक झडप उघडीच अडकली, तरी नियंत्रण कक्षातला तिचा दिवा विझलेला होता. तो विझणे म्हणजे झडपेला बंद होण्याचा आदेश गेला, एवढाच त्याचा अर्थ होता. ती खरोखर मिटली की नाही, हे दाखवण्याची सोय त्या दिव्यात नव्हती. शंभराहून अधिक धोक्याचे इशारे वाजत असताना कर्मचाऱ्यांनी विझलेल्या दिव्याचा साहजिक अर्थ लावला, की झडप मिटली आहे, आणि दोन तासांहून अधिक काळ अणुभट्टी थंड ठेवणारे पाणी बाहेर जात राहिले. दिव्याने आपले काम चोख केले होते, हे विशेष!

तंत्रज्ञानाच्या मोजपट्टीतली हीच उणीव भरून काढण्यासाठी, यंत्र ते चालवणाऱ्या माणसांसाठी कितपत सज्ज आहे हे पाहणाऱ्या ‘मानव-सज्जता पातळ्या’ आखल्या गेल्या असून अमेरिकेत २०२१ साली त्यांचे प्रमाणक प्रसिद्ध झाले. याही पातळ्या नऊच आहेत आणि त्या तंत्रज्ञानाच्या मोजपट्टीला समांतर चालवायच्या असतात. पहिल्या तीन संशोधनाच्या, मधल्या तीन प्रात्यक्षिकाच्या आणि शेवटच्या तीन पूर्ण चाचणी, उत्पादन व वापराच्या आहेत. नवव्या पातळीवरही माणूस आणि यंत्र मिळून कसे काम करतात, यावर पद्धतशीर लक्ष ठेवणे अपेक्षित असते. यंत्र सातवीला आणि माणसाची बाजू तिसरीला, अशी तफावत पडली की आराखडा बदलणे महागात जाते. मग माहितीपुस्तिकेत एक सूचना वाढते आणि प्रशिक्षणाचा एक तास वाढतो. त्यानंतरच्या चुकीला ‘मानवी चूक’ म्हणणे मला तरी अन्यायाचे वाटते.

तेव्हा ‘नववी पातळी’ वाचल्यावर चाचणीत यंत्र कोणी चालवले, हे आधी पाहावे : ते घडवणाऱ्या अभियंत्यांनी, की ज्यांना ते रात्रपाळीच्या शेवटी, थकलेल्या डोळ्यांनी चालवायचे आहे त्यांनी?