सैल जोडी की घट्ट मोळी?

प्रिय मित्रा,

एक्स(३८७२) हा कण म्हणजे दोन मेसॉनांचा (एक क्वार्क आणि एक प्रतिक्वार्क मिळून झालेल्या कणांचा) सैल रेणू आहे की चार क्वार्कांची घट्ट मोळी, यातली एक बाजू धरूनच कामाला लागायचं, असं तू लिहिलंस. इतक्यात बाजू धरू नकोस.

आधी कागद-पेन्सिल घे. २००३ मध्ये जपानमधल्या बेल प्रयोगात हा कण सापडला. त्याचं वस्तुमान सुमारे ३८७१.७ मेगा इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे उदासीन डी आणि डी-स्टार या मेसॉनांच्या वस्तुमानांच्या बेरजेला जवळजवळ चिकटलेलं. बंधनऊर्जा (जोडी तोडायला लागणारी ऊर्जा) ०.१ धर, रिड्यूस्ड मास (दोन वस्तुमानांचा गुणाकार भागिले बेरीज) ९६७, दोन्ही मेगा इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये. दोन्हींचा गुणाकार दुप्पट करून वर्गमूळ काढ. सुमारे १४ येतं. १९७ ला (हा ऊर्जेचं अंतरात रूपांतर करणारा स्थिरांक) त्याने भाग, की जोडीतलं अंतर मिळतं, तेही १४ च्या आसपास, पण फेम्टोमीटर! प्रोटॉनची त्रिज्या ०.८४ फेम्टोमीटर आहे. एवढा ऐसपैस कण स्वतःच्या हाताने मोजलास, की रेणूवाले इतके ठाम का असतात ते उमगेल. मात्र ०.१ हा आकडा आपण धरलेला आहे. कणाचं वस्तुमान आणि ती बेरीज यांतला प्रत्यक्ष फरक मोजमापातल्या अनिश्चिततेतच बुडून जातो, आणि बंधनऊर्जा चौथाई केली तर अंतर दुप्पट होतं.

आता दुसरी बाजू. हा कण फोटॉन सोडून साय(२एस) मध्येही जातो आणि जे/साय मध्येही; हे दोन्ही चार्म क्वार्क आणि प्रतिचार्म यांच्या जोडीचे कण. सर्नमधल्या एलएचसीबी प्रयोगाने २०२४ मध्ये पहिल्या वाटेचं दुसरीशी गुणोत्तर सुमारे १.६७ दिलं. निव्वळ रेणू मानणाऱ्या बऱ्याच मॉडेलांत ते फारच कमी येतं. म्हणजे आत कुठेतरी आटोपशीर गाभा असावा, असं मला वाटतं. त्याला आडकाठीही नाही. या कणाचे पुंजांक (फिरकी आणि सममिती सांगणारे आकडे) १++ आहेत आणि साध्या चार्म-प्रतिचार्म जोडीलाही तेच मिळू शकतात, त्यामुळे दोन्ही रूपं एकाच अवस्थेत मिसळतात. तेव्हा कोणतं रूप किती, हे विचार. भौतिकशास्त्रज्ञ वाइनबर्ग यांनी १९६५ मध्ये ड्यूटेरॉनबद्दल (प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या जोडीबद्दल) हेच विचारलं होतं.

सुरुवात मात्र एक्सपासून करू नकोस, टीसीसी नावाच्या दुसऱ्या कणापासून कर. २०२१ मध्ये एलएचसीबीने जाहीर केलेल्या या कणात दोन चार्म क्वार्क आहेत, प्रतिचार्म एकही नाही. त्यामुळे चार्म-प्रतिचार्मची भेसळ होण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि नवशिक्याला अशीच स्वच्छ जागा हवी असते. तो डी-शून्य आणि डी-स्टार-प्लस यांच्या उंबरठ्याखाली, म्हणजे त्यांच्या वस्तुमानांच्या बेरजेखाली, सुमारे ०.३६ मेगा इलेक्ट्रॉनव्होल्टवर बसतो.

त्याच सूत्रात ०.३६ घालून अंतर किती येतं, ते पुढच्या पत्रात कळव.

तुझा,
सर