आतड्यातला स्टेंट: पोट मोकळे झाले, ऑपरेशन बाकी आहे

प्रश्न: वडील ७४ वर्षांचे. मोठ्या आतड्याच्या डाव्या बाजूला कर्करोगाची गाठ, पोट गच्च फुगलेले. डॉक्टर म्हणतात, आधी स्टेंट, ऑपरेशन नंतर. लगेच का करत नाहीत?

तुंबलेल्या आतड्यावरचे तातडीचे ऑपरेशन अवघड असते. गाठीच्या मागचे आतडे ताणून पातळ झालेले, आत मळ साचलेला, रुग्णाच्या अंगातले पाणी आणि क्षार घटलेले. अशा वेळी आतड्याची टोके जोडली तर जोड गळण्याची धास्ती असते. म्हणून सर्जन बऱ्याचदा स्टोमा करतात, म्हणजे आतड्याचे तोंड पोटावर आणून पिशवी लावतात. ती तात्पुरती म्हणून लावली, तरी अनेक वृद्धांना ती जन्मभर राहते. याचे दुःख मला फार वाटते, कारण घरच्यांना हे आधी कोणी नीट सांगितलेले नसते.

स्टेंट ही निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूची जाळीदार नळी. दुर्बिणीतून आणि एक्स-रेवर बघत बारीक तार गाठीपलीकडे नेतात आणि मिटलेला स्टेंट तिच्यावरून सरकवतात. एक-दोन दिवसांत तो पुरता उमलतो. मग पाणी-क्षार भरून काढायला, हृदय-फुप्फुसे तपासायला, ऑपरेशनची नीट आखणी करायला वेळ मिळतो. ब्रिटनमधल्या ‘क्रेस्ट’ चाचणीत थेट ऑपरेशन झालेल्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश रुग्णांना स्टोमा लागला, स्टेंट बसवलेल्यांत निम्म्याहून कमी जणांना. पहिल्या महिन्यातल्या मृत्यूंत मात्र फरक पडला नाही.

प्रश्न: स्टेंटमुळे कर्करोग पसरतो, असे ऐकले. खरे का?

शंका रास्त आहे. स्टेंटने आतड्याला छिद्र पडले, तर कर्करोगाच्या पेशी पोटात सांडू शकतात आणि आजार उलटण्याचा धोका वाढतो. नेदरलँड्समधली एक चाचणी तर स्टेंटच्या गटात गुंतागुंत वाढल्यामुळे मध्येच थांबवली गेली. युरोपीय एंडोस्कोपी संघटनेने २०१४ मध्ये, रोग बरा होण्याजोगा असताना स्टेंट सरसकट वापरू नका, असे सांगितले होते. २०२० मध्ये भूमिका बदलली: हा पर्याय रुग्णाशी चर्चा करून ठरवावा. ‘क्रेस्ट’मध्ये तीन वर्षांनंतर रोग उलटण्यात फरक आढळला नाही. माझ्या मते खरा फरक पडतो तो स्टेंट बसवणाऱ्याच्या हाताचा. त्यांनी असे किती स्टेंट बसवलेत, हे निःसंकोच विचारा. आणि आतडे आधीच फुटले असेल, तर स्टेंटचा विचारही नको.

प्रश्न: आईची गाठ गुदाशयात, अगदी खाली आहे. तिला चालेल का?

बहुधा नाही. गुदद्वाराजवळच्या स्टेंटने सतत वेदना होतात, शौचाला लागल्यासारखे वाटत राहते, ताबा सुटतो. तिथे आधी स्टोमा करून मूळ उपचारांकडे वळणे बरे. उजव्या बाजूच्या गाठीत बहुतेकदा थेट ऑपरेशन करून आतडे जोडता येते.

प्रश्न: स्टेंटनंतर नवऱ्याला छान वाटतेय. आता ऑपरेशन नको म्हणतात.

ताई, गाठ जिथल्या तिथेच आहे. स्टेंटने फक्त वाट मोकळी केली. ऑपरेशन साधारण दोन आठवड्यांत व्हावे. फार लांबले तर स्टेंट सरकू शकतो, पुन्हा तुंबू शकतो, छिद्रही पडू शकते. तोवर चोथा कमी असलेले जेवण आणि मळ मऊ ठेवणारे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू ठेवा. पोटात अचानक जोराची कळ, ताप, उलट्या किंवा वायू सरणे बंद, यातले काहीही झाले तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा. आणि ऑपरेशनची तारीख आजच मागून घ्या.