दंड भरला की उशिरा यायला मोकळे

गोवा एवढासा की वाड्याचे नाव छापले तर पत्र कोणाचे ते दुपारपर्यंत सगळ्यांना कळते. म्हणून पत्रलेखकांचे फक्त तालुके देतो.

प्रश्न: आमच्या गावच्या जत्रेत दरवर्षी गावातलीच मंडळी नाटक करतात. तालीम रात्री नऊची ठरते आणि सुरू होते साडेदहाला. यंदा समितीने उशिरा येणाऱ्याला ५० रुपये दंड लावला. दोन-तीन दिवस बरे गेले. आता लोक दहा वाजता येतात, पन्नासची नोट टेबलावर टाकतात आणि वर 'पावती नको' म्हणून हसतात. दंड १०० करावा काय? (पेडणे)

उत्तर: करू नका. तुमच्या मंडपात जे घडले ते इस्रायलमधल्या हैफा शहरात आधीच घडलेले आहे, आणि तिथे ते नीट मोजलेलेही आहे. संध्याकाळी मुलांना न्यायला आईबाप उशिरा यायचे. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्टिचिनी या अर्थशास्त्रज्ञांनी दहा बालवाड्या निवडल्या आणि त्यांतल्या सहांमध्ये दहा मिनिटांहून जास्त उशिराला १० शेकेल दंड ठेवला. उशीर कमी व्हायच्या ऐवजी वाढला, उशिरा येणारे जवळजवळ दुप्पट झाले. पुढे दंड उठवला, तरी आकडा खाली आला नाही. २००० साली हा अभ्यास छापून आला आणि तेव्हापासून दंडाचा विषय निघाला की त्याचे नाव निघतेच.

दंड नव्हता तेव्हा पालकाला बाईंची लाज वाटायची. आपल्यापायी तिला घरी जायला उशीर झाला. दंड आल्यावर त्याच थांबण्याला भाव लागला, आणि भाव चुकता केला की लाजायचे कारण उरत नाही. तुमच्याकडे पेटीवाले बुवा तासभर तिष्ठत बसतात याची जी थोडी टोचणी होती, ती ५० रुपयांत फिटली. १०० केलेत तर दर वाढेल, बाकी काही नाही. ५,००० केलेत तर लोक धावत येतील हे खरे, पण पुढच्या वर्षी राजाच्या कामाला माणूस मिळायचा नाही.

मुळात तुमचे नट बेशिस्त आहेत असे मला वाटत नाही. नऊ म्हणजे साडेदहा हे सगळ्या गावाला पाठ आहे. अशा ठिकाणी नऊला येणाराच वेडा ठरतो, त्याने डास मारत बसायचे. प्रत्येक जण बाकीच्यांच्या उशिराचा अंदाज बांधून घरून निघतो, आणि अंदाज बरोबरच निघतो. तेव्हा नऊला दोघेच आले तरी त्या दोघांचा प्रवेश लावा. जो आला नाही त्याचे संवाद प्रॉम्प्टरने म्हणावेत. आपले काम दुसऱ्याच्या तोंडी ऐकणे कुठल्याही नटाला सोसवत नाही. तिसऱ्या अंकातल्या मंडळींना नऊला बोलावूच नका, त्यांना दहाची वेळ द्या. दंडाची वही बंद करा आणि जमलेल्या पैशांची चहा-भजी होऊ द्या. मात्र चार दिवसांत सगळे सुधारतील अशी आशा धरू नका.

प्रश्न: नवरा रोज मटका लावतो. 'आज एका घराने हुकला, उद्या नक्की लागणार' हे रोजचे पालुपद. माणूस हिशेबात पक्का, नोकरीही हिशेबाचीच. त्याला एवढे कळत कसे नाही? (डिचोली)

उत्तर: ताई, त्याला कळते. कळूनही तो थांबत नाही, दुखणे तेच आहे. त्याने ४७ लावला आणि ४८ आला, तर ४८ काही ४७ च्या जवळ आलेला नसतो; ०३ आला असता तरी अंतर तेवढेच होते. पण नेमबाजीत, कॅरममध्ये, रोजच्या कितीतरी कामांत 'थोडक्यात हुकले' याचा अर्थ हात बसत चालला आहे असाच होतो, आणि मन तोच अर्थ मटक्यालाही लावते. २००९ साली केंब्रिजच्या ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी जुगाराच्या यंत्रासारखा खेळ खेळणाऱ्यांचे मेंदू तपासले. थोडक्यात हुकल्यावर जिंकताना जागे होणारे काही भाग जागे झाले. खेळणाऱ्यांना तसे हुकणे आवडले नव्हते, तरी पुन्हा खेळायची इच्छा मात्र वाढली होती.

'इतके दिवस आला नाही म्हणजे आता येणारच' हा दुसरा फास. मोंटे कार्लोच्या कॅसिनोत १८ ऑगस्ट १९१३ च्या रात्री रूलेटचा, म्हणजे लाल-काळ्या घरांच्या फिरत्या चाकावरचा, गोळा लागोपाठ २६ वेळा काळ्यावर पडला. 'आता तरी लाल' म्हणत लोकांनी लाखो फ्रँक घालवले. गोळ्याला मागचे काही आठवत नाही. तुमच्या नवऱ्याने लावलेल्या दोन अंकी आकड्यालाही दर खेपेस शंभरातली एकच संधी असते, आणि लागली तरी हातात शंभरपट पडत नाहीत.

तिसरी गोष्ट सर्वांत वाईट. डॅनियल काहनेमन आणि आमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये दाखवले की फायद्यात असलेला माणूस जपून चालतो आणि तोट्यात असलेला धोका पत्करतो. गेलेले भरून काढायच्या नादात आणखी जाते. म्हणून तुम्ही मुकाट्याने त्याची उधारी भागवू नका, आणि त्याच्याशी गणिताचा वादही घालू नका. गणित त्याला तुमच्याहून चांगले येते. पगाराच्या दिवशी घरखर्चाचे पैसे आपोआप तुमच्या खात्यात वळतील अशी सोय, तो शांत असेल तेव्हा, त्याच्याच संमतीने करून घ्या. जुगाराचे वेड हा आता वैद्यकात व्यसनांच्या रांगेत बसवलेला आजार आहे. बांबोळीला मानसोपचार संस्था आहे, टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांकही आहे. तो यायला तयार नसेल तर आधी तुम्ही एकट्या बोला.

प्रश्न: मी पंच आहे. रस्त्याच्या वळणावर लोक कचऱ्याच्या पिशव्या फेकतात. 'रोज शेकडो लोक इथे कचरा टाकतात, लाज बाळगा' असा मोठा फलक लावला. पिशव्या वाढल्या! (बार्देश)

उत्तर: वाढणारच, फलकानेच तर सांगितले की इथे सगळे टाकतात. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये दगड झालेल्या प्राचीन लाकडाचे राष्ट्रीय उद्यान आहे; पर्यटक तिथले तुकडे खिशात घालून नेतात. रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी खुणेचे तुकडे ठेवून दोन फलक लावून पाहिले. 'पूर्वी येऊन गेलेल्या अनेकांनी तुकडे नेले, त्याने जंगल बदलले' या फलकापाशी जवळजवळ ८ टक्के तुकडे गेले. 'कृपया तुकडे नेऊ नका' एवढ्या साध्या विनंतीपाशी २ टक्क्यांहूनही कमी.

फलक उतरवा आणि जागा एकदा पूर्ण साफ करा, कारण कचऱ्यापाशीच कचरा पडतो. मग सकाळी तिथे उभे राहून पिशवी टाकतो कोण ते बघा. बहुतेक स्कूटरच्या हुकाला पिशवी अडकवून कामावर निघालेला भाडेकरू सापडेल; पंचायतीची गाडी वाड्यावर येते तेव्हा तो घरी नसतो. तसे असेल तर गाडीची वेळ बदला, त्याला लाज शिकवत बसू नका.

प्रश्न: म्हापशाच्या बाजारात नुस्तेकान्न (मासळीवाली) चोणकाचे ८०० सांगते, मी ६०० ला आणते आणि दिवसभर खूश असते. मी फसते काय? (बार्देश)

उत्तर: थोडीशी. पहिला आकडा कानावर पडला की पुढचा सगळा हिशेब त्याच्याच आसपास फिरतो. काहनेमन-ट्वर्स्कींनी १० किंवा ६५ वरच थांबणारे चक्र लोकांसमोर फिरवले आणि मग विचारले, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकेतले देश किती टक्के? ज्यांनी १० पाहिले त्यांचा मधला अंदाज २५, ज्यांनी ६५ पाहिले त्यांचा ४५. बाजारात शिरण्याआधी आपला आकडा ठरवा, तिने तोंड उघडण्याआधी. आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असतानाचे दर डोक्यात ठेवून ऑगस्टमध्ये बाजाराला जाऊ नका, सगळेच स्वस्त वाटेल. बाकी ६०० रुपयांत ताजे चोणक आणि दिवसभराची खुशी मिळत असेल तर मी तरी तक्रार करणार नाही.

प्रश्न: हे सगळे प्रयोग अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरांवर. ते आम्हाला का लागू व्हावेत? (फोंडा, निवृत्त शिक्षक)

उत्तर: सर, शंका रास्त आहे, आणि ती खुद्द शास्त्रज्ञांनीही घेतली. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांचा दावा ठाम होता, दुसऱ्यांदा ३६ टक्केच टिकले. अर्जावर सही शेवटी न घेता आधीच घेतली की लोक खरे लिहितात, असे सांगणारा २०१२ चा गाजलेला निबंध २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला, कारण त्यातली एक आकडेवारीच बनावट निघाली. छोट्या युक्त्यांनी लोकांचे वागणे किती बदलते, याचा ताळा २०२२ मध्ये निघाला. विद्यापीठांच्या नियतकालिकांत छापलेल्या प्रयोगांत सरासरी ८.७ टक्के अंकांचा, म्हणजे शंभरात जवळजवळ नऊ माणसांचा, फरक दिसला होता. अमेरिकेत सरकारी कामासाठी मोठ्या प्रमाणावर केलेल्या प्रयोगांत १.४.

उलट, तोट्यातला माणूस धोका पत्करतो हे वर सांगितलेले सूत्र २०२० मध्ये १९ देशांत तपासले, आणि ते बव्हंशी टिकले. तेव्हा सगळे टाकून देण्यासारखे नाही. पुष्कळ ठिकाणी, पुष्कळांनी, पुन्हा करून पाहिलेले तेवढे मी धरून चालतो. हैफाचा अभ्यास एकाच शहरातला आहे, म्हणूनच पेडण्याच्या मंडळींना चार दिवसांत सगळे सुधारतील अशी आशा धरू नका असेही सांगितले, 'होईलच' म्हटले नाही.

प्रश्न: दर चवथीआधी घर रंगवायला काढतो आणि गणपती येतो तेव्हा शिडी अजून खोलीतच असते. (सत्तरी)

उत्तर: १९९४ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारले, प्रबंध किती दिवसांत संपेल? सरासरी उत्तर ३४. सगळे बिघडले तर? ४९. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. माणूस यंदाच्या बेताकडे बघून दिवस मोजतो, मागच्या खेपेकडे बघत नाही. तुम्ही मागच्या तीन वर्षांत किती दिवस लागले ते आठवून लिहा, त्यांतला सर्वांत मोठा आकडा घ्या आणि चवथीपासून मागे मोजा. तारीख भर पावसात निघाली तर काम एप्रिल-मेमध्ये ढकला, ओल्या भिंतीला रंग धरत नाही. रंगाऱ्याला बोलावणे मात्र आजच धाडा, कारण त्या महिन्यांत त्याला सगळी सत्तरी बोलावते.